मेंढीकोट: चार दश्श्यांचा भागीदारी डाव

मेंढीकोट हा चार जणांनी दोन जोड्या करून खेळायचा पत्त्यांचा खेळ आहे. महाराष्ट्र आणि गुजरातेत तो पिढ्यान्‌पिढ्या घराघरांत खेळला जातो. त्यासाठी बावन्न पानांचा एकच कॅट लागतो; जोकर बाजूला काढून ठेवतात. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू असतात, त्यामुळे प्रत्येकाच्या दोन्ही बाजूंना विरोधी जोडीतला एकेक जण येतो. प्रत्येकाला तेरा पाने मिळतात आणि डावात तेरा हात होतात. मात्र कोणी किती हात केले, हा इथे पहिला प्रश्न नसतो. पहिला प्रश्न असतो चार दश्श्यांचा. या खेळात दश्शीला मेंढी म्हणतात आणि ज्या जोडीने जिंकलेल्या हातांत तीन किंवा चारही मेंढ्या सापडतील, ती जोडी डाव जिंकते.

पानांचा क्रम नेहमीचाच आहे: एक्का सर्वांत मोठा, मग राजा, राणी, गुलाम, दश्शी आणि तिथून खाली दुर्रीपर्यंत. म्हणजे मेंढी ताकदीने पाचव्या क्रमांकावर आहे. तिच्यावर चार पाने सहज मात करू शकतात, आणि डावातले सगळे मोल तर तिच्यातच साठवलेले. मोल एका पानात आणि बळ दुसऱ्या पानांत, अशी ही फारकत या खेळाचा गाभा आहे. एक्का हातात असणाऱ्याला हात मिळतो, पण त्या हातात मेंढी नसेल तर पदरात पडतात फक्त चार साधी पाने. मेंढी हातात असणाऱ्याकडे मोलाची वस्तू असते, पण ती एकट्याच्या बळावर राखणे त्याला क्वचितच जमते. म्हणून हा खेळ भिडूशिवाय खेळताच येत नाही. भागीदारी त्यात वरून चिकटवलेली नाही; पानांच्या या मांडणीतूनच ती निघते.

पत्ते पिसून, काटून झाल्यावर वाटणारा आधी प्रत्येकाला पाच-पाच पाने देतो आणि उरलेली चार-चारच्या दोन खेपांत वाटतो. वाटप आणि खेळ डावीकडून चालवायचा की उजवीकडून, याची रीत गावागणिक बदलते. एकदा ठरली की वाटप, उतारी आणि चाल सगळे त्याच दिशेने जाते. पहिली उतारी वाटणाऱ्याच्या शेजारच्याची, म्हणजे ज्याला पहिली पाने मिळाली त्याची. ज्या रंगाचे पान उतरले असेल तोच रंग इतरांनी द्यायचा. तो हातात नसेल तरच दुसऱ्या रंगाचे पान टाकता येते. हुकूम पडला नसेल तर उतरलेल्या रंगाचे सर्वांत मोठे पान हात जिंकते, हुकूम पडला असेल तर सर्वांत मोठा हुकूम. हात जिंकणाऱ्याची पुढची उतारी.

हुकूम ठरवण्याच्या दोन पद्धती रूढ आहेत आणि त्यांमुळे खेळाचा स्वभावच बदलतो. पहिली बंद हुकुमाची. ज्याला पहिली पाने मिळतात तो आपल्या हातातले एक पान निवडून जमिनीवर पालथे ठेवतो. त्या पानाचा रंग हा हुकूम, पण तो उघड होईपर्यंत फक्त त्या एकालाच ठाऊक असतो. त्याच्या भिडूलाही तो माहीत नसतो. पुढे एखाद्याकडे उतरलेला रंग नसला, की तो हुकूम उघडायला सांगू शकतो. पालथे पान सुलटे होते, मालकाच्या हातात परत जाते आणि तिथून तो रंग हुकूम म्हणून चालू लागतो. ज्याने हुकूम उघडायला लावला त्याच्याकडे त्या रंगाचे पान असेल तर ते टाकणे त्याला भाग आहे, असा नियम अनेक घरांत पाळतात. काही ठिकाणी ही सक्ती नसते.

दुसरी पद्धत कट हुकुमाची. इथे डाव हुकुमाशिवायच सुरू होतो. सगळे जण रंगाला रंग देत राहतात आणि ज्या क्षणी एखाद्याकडे उतरलेला रंग संपतो, त्या क्षणी तो जे पान टाकेल त्याचा रंग उरलेल्या डावासाठी हुकूम ठरतो. या पद्धतीत हुकूम ठरवण्याचा मान ज्याच्याकडे एखाद्या रंगाची पाने कमी आली त्याला मिळतो. म्हणजे वाटपातली उणीव हीच त्याची ताकद होते. बंद हुकुमात एकाला गुपित ठाऊक असते आणि तिघे अंदाज बांधत असतात. कट हुकुमात गुपित कोणालाच ठाऊक नसते, कारण ते अजून घडलेलेच नसते. ज्यांना आखणी आवडते ते पहिली पद्धत पसंत करतात. मुलांना शिकवताना दुसरी बरी, कारण तिच्यात लपवाछपवीचे नियम समजावत बसावे लागत नाहीत.

तीन मेंढ्या एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला गेली तर निकाल स्पष्ट आहे. मेंढ्या दोन-दोन झाल्या तर मात्र हात मोजतात आणि सात किंवा अधिक हात करणारी जोडी जिंकते. हात तेरा, म्हणजे विषम; त्यामुळे दोघांपैकी एका जोडीचे सात होणारच. मेंढीकोटाचा डाव कधीच बरोबरीत सुटत नाही. चारही मेंढ्या एका जोडीने घेतल्या तर तो कोट. खेळाला नाव त्यावरूनच मिळाले. त्याहून वरचढ विजय म्हणजे तेराच्या तेरा हात आणि अर्थातच चारही मेंढ्या एकाच जोडीकडे येणे. त्याला बावन्न पानी मेंढीकोट म्हणतात. वर्षानुवर्षे खेळणाऱ्यांनाही तो फार वेळा बघायला मिळत नाही.

गुण लिहून ठेवण्याची गरज इथे नसते. किती डाव जिंकले आणि किती कोट दिले, एवढेच लक्षात ठेवतात. हरलेल्या जोडीला शिक्षा म्हणून पिसायचे आणि वाटायचे काम असते. वाटणाऱ्याची जोडी हरली तर तोच पुन्हा वाटतो. जिंकली तर वाटप पुढच्याकडे, म्हणजे हरलेल्या जोडीकडे जाते. सगळे हात गमावण्याची पाळी आली तर वाटप वाटणाऱ्याच्या भिडूकडे देतात. पैशांशिवाय, वही-पेन्सिलीशिवाय खेळाची चुरस टिकवण्याची ही साधी आणि पुरेशी सोय आहे. सलग सहा-सात डाव पिसत बसलेल्या माणसाला हार कळण्यासाठी आकड्यांची गरज पडत नाही.

चार मेंढ्या वाटपातच कशा विभागल्या जातात, याचे गणित करता येते. दोन भिडूंची मिळून सव्वीस पाने धरली, तर मेंढ्या दोन-दोन विभागल्या जाण्याची शक्यता सुमारे ३९ टक्के येते. एका जोडीकडे तीन आणि दुसरीकडे एक, असे सुमारे ५० टक्के वेळा घडते. चारही एकाच जोडीकडे येणे सुमारे ११ टक्के. एकाच खेळाडूच्या हातात चारही मेंढ्या येणे मात्र शंभरात एखाद्या वेळीच. याचा अर्थ असा की जवळजवळ निम्म्या डावांत एक जोडी तीन मेंढ्या घेऊन बसलेली असते आणि तरीही ती जिंकेल याची खात्री नसते. मेंढी वाटपात मिळणे आणि मेंढी जिंकलेल्या हातात येणे, या दोन गोष्टींमधल्या अंतरातच सगळे कसब आहे.

मेंढी घरी आणण्याचा सर्वांत सुरक्षित मार्ग म्हणजे भिडूने जिंकलेल्या हातावर ती टाकणे. हातात चौथी चाल ज्याची, त्याला तिन्ही पाने दिसत असतात. भिडूचे पान वरचढ असेल तर तो निर्धास्तपणे मेंढी चढवतो. तिसऱ्या चालीला मात्र निर्णय अवघड असतो. भिडूने एक्का उतरवला आहे, विरोधकाने रंग दिला आहे, पण शेवटचा विरोधक अजून खेळायचा आहे. त्याच्याकडे तो रंग नसेल तर तो हुकूम मारून एक्क्यासकट मेंढी उचलून नेईल. इथे फेरी महत्त्वाची ठरते. तेरा पानांच्या हातात एखादा रंग मुळीच न येणे साधारण पाच टक्के वेळा घडते, म्हणून पहिल्या फेरीत धोका कमी. दुसऱ्या फेरीत तो वाढतो. तिसऱ्या फेरीत तर कोणाचा ना कोणाचा रंग संपलेला असेल असेच धरून चालावे, कारण सर्वांत जास्त वेळा येणारी वाटणी ही चार, चार, तीन आणि दोन पानांची असते. बहुतेक हातांत दोनच पानांचा एखादा रंग असतो. मुरलेला खेळाडू म्हणूनच एक्का लवकर उतरवतो. एक्का जपून ठेवणे ही इथे नवशिक्याची खूण आहे. उशिरा आलेल्या एक्क्यावर भिडूला मेंढी टाकण्याचा धीर होत नाही.

मेंढी कोणत्या पानांबरोबर आली आहे, यावर तिचे भवितव्य अवलंबून असते. एखाद्या रंगात मेंढी एकटीच असेल, तर विरोधकांनी त्या रंगाचा एक्का उतरवताच ती द्यावी लागते. रंगाला रंग देण्याच्या नियमातून सुटका नाही. सोबत एक लहान पान असेल तर एक फेरी निभावते, दोन असतील तर दोन. तीन लहान पाने असतील तर एक्का, राजा आणि राणी निघून जाईपर्यंत ती तग धरते आणि मग फक्त गुलामाची भीती उरते. म्हणून दुर्री-तिर्रीसारखी पानेही इथे निरुपयोगी नसतात. ती मेंढीच्या पुढे उभे राहणारे पहारेकरी आहेत. हातातला रंग संपवून हुकूम मारण्याची घाई करताना नेमकी हीच पाने फेकली जातात आणि मग उघडी पडलेली मेंढी दोन फेऱ्यांत समोरच्या जोडीकडे जाते.

उलट बाजूने पाहिले तर विरोधकांच्या मेंढ्या ओढून काढणे हेही तेवढेच महत्त्वाचे काम आहे. एका रंगाचे एक्का, राजा आणि राणी हातात असतील तर ते लागोपाठ उतरवून त्या रंगाची मेंढी बाहेर काढता येते, अर्थात मधेच कोणी हुकूम मारला नाही तर. म्हणून आधी हुकूमच उतरवून घ्यावा का, हा प्रश्न येतो. हातात हुकमाची लांब आणि भारी पाने असतील तर उत्तर होय. दोन-तीनच हुकूम असतील तर ते राखून कापण्यासाठी वापरणे शहाणपणाचे.

हुकमाच्या मेंढीचा विचार वेगळा करावा लागतो. ती स्वतःच हात जिंकू शकते. उतरलेला रंग हातात नाही, आपली चाल शेवटची आहे आणि आधी कोणी मोठा हुकूम टाकलेला नाही, अशी वेळ आली की हुकमाच्या मेंढीने हात कापावा: हातही आपला, मेंढीही आपली. कट हुकुमाच्या पद्धतीत तर याहून देखणी संधी मिळते. अजून हुकूम ठरलेला नाही आणि चौथी चाल असलेल्याकडे उतरलेला रंग नाही. अशा वेळी त्याने दुसऱ्या कोणत्याही रंगाची मेंढी टाकली, तर तो रंग त्याच क्षणी हुकूम होतो आणि मेंढी स्वतःचाच हात जिंकून घरी येते. त्या रंगाची आणखी चार-पाच पाने हातात असतील, तर एकाच चालीत मेंढीही मिळाली आणि सोयीचा हुकूमही. संपूर्ण मेंढीकोटात याहून चांगली चाल नाही.

दोन पायऱ्यांच्या निकालामुळे डावाचा शेवटही कंटाळवाणा होत नाही. तीन मेंढ्या गेल्या तर हरणारी जोडी चौथीसाठी झटते, कारण ती मिळाली तर निदान कोट टळतो. मेंढ्या दोन-दोन झाल्या तर तोवर दुर्लक्षित राहिलेले हात अचानक मोलाचे होतात, आणि ज्यांनी सुरुवातीला एकेक हात सोडून दिला होता त्यांना त्याचा हिशेब द्यावा लागतो. चांगला खेळाडू म्हणून दोन मोजण्या एकाच वेळी चालू ठेवतो: कोणत्या रंगाची मेंढी गेली आणि कोणाचे किती हात झाले. प्रत्येक रंगाची तेरा पाने, त्यांपैकी किती पडली, एवढे लक्षात ठेवता आले तर उरलेले बहुतेक तर्काने कळते.

भिडूला खुणा करणे निषिद्ध आहे. भिडूशी बोलायचे ते फक्त पानांतून. दुसऱ्या रंगाचे लहान पान टाकले, राजा असूनही दबला, एखाद्या रंगाची उतारी टाळली, या सगळ्यांतून भिडूला वाचता येईल असा मजकूर जात असतो. सगळीकडे मात्र असे नाही. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात खेळला जाणारा वाटेन हाही समोरासमोरच्या भिडूंचा हातांचा खेळ आहे आणि त्यात डोळे मिचकावून, ओठ हलवून भिडूला पाने कळवणे परंपरेने मान्य आहे. तिथे खूण पकडली न जाता पोहोचवणे हेच कौशल्य मानतात.

बव्हेरियाचाच सर्वाधिक लोकप्रिय खेळ शाफकोप्फ. बत्तीस पानांच्या या खेळात एक्क्याचे ११, दश्शीचे १०, राजाचे ४ गुण, त्याखालच्या दोन चित्रांचे ३ आणि २, असे एकूण १२० गुण असतात आणि डाव मांडणाऱ्या बाजूला जिंकण्यासाठी ६१ लागतात. म्हणजे दश्शी तिथेही मोलाची आहे, पण ती बळानेही एक्क्याच्या लगेच खाली बसते. मेंढीकोटातली मोल आणि बळ यांची ताटातूट तिथे नाही. शाफकोप्फचा सर्वांत रूढ डाव असा, की खेळू इच्छिणारा एखाद्या रंगाचा एक्का पुकारतो आणि तो एक्का ज्याच्या हातात असेल तो त्याचा भिडू होतो. एक्का पडेपर्यंत भिडू कोण ते पुकारणाऱ्यालाही कळत नाही. मेंढीकोटाच्या बंद हुकुमात हुकूम लपलेला असतो, इथे माणूसच लपलेला असतो.

पानांना ठरावीक गुण देऊन ते मोजण्याची ही मध्य युरोपीय पद्धत कोकण किनाऱ्यालाही परकी नाही. तीनशे चार हा खेळ श्रीलंका, तमिळनाडू आणि महाराष्ट्राच्या किनारपट्टीवर खेळतात. त्यात गुलाम ३०, नव्वी २०, एक्का ११, दश्शी १०, राजा ३ आणि राणी २ गुणांची. एका रंगाचे ७६ आणि चार रंगांचे मिळून ३०४. गुलाम आणि नव्वीला असे डोक्यावर घेणारी खेळांची घराणी स्वित्झर्लंड, दक्षिण जर्मनी आणि नेदरलँड्समध्ये आहेत, आणि डच व्यापाऱ्यांबरोबर ती या किनाऱ्यांवर आली असे मानले जाते. मेंढीकोट त्या घराण्यातला नाही. त्याच्या चालीची ठेवण व्हिस्ट या पत्त्यांच्या खेळासारखी आहे: बावन्न पाने, तेरा हात, समोरासमोरचे भिडू, एक्का वर आणि दुर्री खाली. मोजणी मात्र त्याची स्वतःची.

हुकूम ही कल्पना पत्त्यांइतकी जुनी नाही. युरोपात पत्ते चौदाव्या शतकाच्या उत्तरार्धात पोहोचले. काही पानांना इतरांवर मात करण्याचा खास अधिकार देणाऱ्या कार्नोफेल या खेळाचा उल्लेख १४२६ मध्ये जर्मनीतल्या नॉर्डलिंगेन शहराच्या कागदपत्रांत येतो. भारतात मुघलांबरोबर आलेला गंजिफा हाही हात जिंकण्याचाच खेळ, पण त्यात हुकूम नसतो आणि भिडूही नसतो. जो तो आपल्यापुरता खेळतो. बाबराने १५२७ मध्ये सिंधच्या शाह हसनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. महाराष्ट्रात सावंतवाडीने दशावतारी गंजिफाची कला राखली. दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकी बारा पाने, म्हणजे १२० गोल पाने हाताने रंगवलेली. राजेबहादूर शिवरामराजे भोसले आणि राणी सत्वशीलादेवी यांनी गेल्या शतकात या कलेला नवा आधार दिला, हे त्यांचे मोठे काम आहे. गंजिफात राजा आणि प्रधान यांच्या खाली अर्ध्या रंगांत दश्शी सर्वांत मोठी आणि एक्का सर्वांत लहान, तर उरलेल्या अर्ध्या रंगांत नेमके उलटे.

महाराष्ट्राच्या सीमेबाहेर पूर्वेला गेले की मेंढीकोटाचे जुळे भावंड भेटते. हिंदी भाषक प्रदेशात त्याला दहला पकड म्हणतात. छत्तीसगडातले दुर्ग आणि भिलाई हे अशा दोन परंपरा शेजारी नांदण्याचे ठिकाण. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांची सत्ता या भागात पोहोचली. पुढे १९५५ मध्ये सोव्हिएत संघाशी करार होऊन भिलाईला पोलाद कारखाना उभा राहू लागला, १९५९ मध्ये त्याची पहिली झोतभट्टी पेटली आणि देशभरातून कामगार तिथे आले. मुंबई-नागपूर-हावडा लोहमार्गावरच्या भिलाई पॉवर हाउस स्थानकाभोवतीची वस्ती त्याच काळाची देणगी. अशा वस्तीत मराठी घरातला मुलगा मेंढी म्हणतो त्याच पानाला शेजारचा दहला म्हणतो, आणि एकाच पंगतीत खेळायला बसल्यावर दोघांचे नियम जुळवून घ्यावे लागतात.

फरक लहान दिसतो, पण तो डावाची नाडी बदलतो. दहला पकडमध्ये जिंकलेला हात लगेच उचलत नाहीत. तो मध्यभागी तसाच साठत राहतो आणि कोणी एकाच खेळाडूने लागोपाठ दोन हात जिंकले, की तोवर साचलेला सगळा ढीग त्याच्या जोडीचा होतो. ढिगात मेंढ्या अडकलेल्या असताना पहिला हात जिंकलेल्या विरोधकाला दुसरा जिंकू न देणे, हे मग समोरच्या जोडीतल्या दोघांचे मुख्य लक्ष्य बनते, आणि त्यात गंमत अशी की दुसरा हात भिडूने जिंकला तरी ढीग हलत नाही. कोटाची व्याख्याही तिथे अधिक रुंद आहे: चारही दहले पकडले तर कोट होतोच, शिवाय सलग सात डाव जिंकले तरी कोट मोजतात. मेंढीकोटात पकडलेली मेंढी सुरक्षित असते. दहला पकडमध्ये पकडलेला दहलाही हातातून निसटू शकतो. दुसरा प्रकार जास्त नाट्यमय आहे यात शंका नाही, पण भिडूंच्या समजुतीची खरी परीक्षा मेंढीकोटातच होते.

सहा जण जमले तर चार दुर्र्या काढून अठ्ठेचाळीस पानांनी, तीन-तीन जणांचे दोन गट करून मेंढीकोट खेळतात. गटातले खेळाडू एक सोडून एक बसतात आणि प्रत्येकाला आठ पाने येतात. इथे हात तेराऐवजी आठ होतात, म्हणजे सम. मेंढ्या दोन-दोन आणि हातही चार-चार, असा निकाल त्यामुळे शक्य होतो, आणि चौघांच्या खेळात कधी न येणारा बरोबरीचा प्रश्न उभा राहतो. सहा जणांनी बसताना म्हणूनच पहिले पान वाटण्याआधी तीन गोष्टी ठरवून घ्याव्यात: हुकूम बंद की कट, हुकूम उघडायला लावणाऱ्याला तो मारण्याची सक्ती आहे की नाही, आणि चार-चार हात झाले तर डाव कोणाचा.